पुन्हा हा विषय काढणार नाही

बीच रन, ओहायो
शुक्रवार, ३ फेब्रुवारी

ऑरी,

पत्राची सुरुवात हवेने करायची असते म्हणून लिहिते. बर्फ गुडघ्यापर्यंत आहे, गोठ्यातला नळ काल गोठला, आणि आम्ही सगळे बरे आहोत. यातलं शेवटचं खरं नाही, म्हणून तर लिहायला बसले.

तुझा आताचा पत्ता दुधाच्या गाडीवरच्या माणसाने दिला. म्हणाला, ऑरी आता कोलंबसला लोकांच्या स्वयंपाकघरात कपाटं बसवतो आणि खुशीत आहे. बाप्तिस्मा घ्यायच्या आधीच मोटारीच्या नादाने गेला असता तर पोराला वाळीत तरी टाकावं लागलं नसतं, असं आई शेवटपर्यंत म्हणत होती. त्यावर आज नको. तुझ्या पत्रांना मी कधी उत्तर का दिलं नाही, त्यावरही आज नको. मला एका कागदाबद्दल विचारायचंय, आणि आपला पंथ सोडून इंग्लिश लोकांत इतकी वर्षं काढलेला माझ्या ओळखीचा तू एकटाच आहेस.

तुझ्या मेहुण्याच्या, एनोसच्या, पाळलेल्या हरणांचं कानावर आलंच असेल. तरी सांगते, कारण लोक चाराचे चाळीस करतात. चारच होती. पेनसिल्व्हेनियातल्या एका शिकारीच्या रानाला विकलेले चार नर. झिजून मरायचा तो रोग हरणांत आल्यापासून तपासणी झालेल्या कळपातलंच हरीण राज्याबाहेर नेता येतं, आणि आमच्या कळपाची तपासणी राहिली होती. एनोसने दुसऱ्या, तपासलेल्या कळपातल्या मेलेल्या हरणांच्या कानातले बिल्ले आणून या चौघांच्या कानात घातले. का, ते त्याने आपल्या चर्चच्या मंडळीपुढे गुडघ्यावर बसून सांगितलं, म्हणून मी इथे लिहिणार नाही. तू विसरला नसशील: गुडघ्यावर बसून कबुली दिली, बिशपने हात धरून उठवलं, की ती गोष्ट संपली. ज्याने केली त्याने पुन्हा काढायची नाही आणि बाकीच्यांनी तर मुळीच नाही. मागच्या आठवड्यात जेवताना शेजारच्या सायलसच्या तोंडून ‘हरणाचं मटण’ एवढंच निसटलं, तर त्याच्या बायकोने बिटाच्या लोणच्याची बरणी त्याच्या नाकासमोर धरली. “घे रे, लोणचं घे.” तो बिचारा मुकाट्याने लोणचंच खात बसला.

मंडळीत मिटलं. सरकारचं मिटलेलं नाही. सरकारने एनोसला वकील दिलीय, कोवाल्स्की नावाची तरुण बाई. ती म्हणते, एनोसने कोर्टात गुन्हा कबूल केला तर सरकार बाकीचे आरोप मागे घेईल आणि तुरुंगाऐवजी घरीच देखरेखीत ठेवा असं न्यायाधीशांना सुचवेल. त्याचा करार लांबलचक आहे. मी तो रोज संध्याकाळी भांडी झाल्यावर एनोसला आपल्या बोलीत सांगते. नवव्या पानावर हे आहे, जसंच्या तसं उतरवते:

‘आरोपी वरच्या कोर्टात अपील करण्याचा आपला हक्क समजून-उमजून व स्वखुशीने सोडून देत आहे.’

‘सोडून देणं’ हे मी आपल्या बोलीत सांगितलं तेव्हा अर्थात आपलाच शब्द तोंडात आला, बाप्तिस्म्याआधीच्या उन्हाळ्यात शिकवतात तो. हट्ट सोडून दे, मी-मी सोडून दे. एनोसचा चेहरा इतक्या महिन्यांत पहिल्यांदा उजळला.

“बघ,” तो म्हणाला, “इंग्लिश लोकांच्याही कागदात आहे हे.”

“तू सोडतोयस. ते काय सोडतायत?”

“तेही सोडणारच की. मिटवायचं म्हणजे दोन्हीकडून.”

तसं कुठे लिहिलेलं मला सापडत नाही. पण इंग्लिश कागदात सगळं लिहिलेलं असतं की काही गृहीत धरायचं असतं, ते मला ठाऊक नाही. सही सतरा तारखेला आहे. वाचून एक ओळ कळव.

एल्मीना


बीच रन
मंगळवार, २१ फेब्रुवारी

ऑरी,

तुझं कार्ड काल आलं. ‘सही करू नका, आधी मी येतो.’ सही शुक्रवारीच झाली.

दोष टपालाचा नाही. पत्र मी लिहिलं त्यानंतर आठवडाभर ते माझ्या शिवणाच्या डब्यात होतं. याहून जास्त विचारू नकोस.

कोर्टात आम्हाला हेझेलबाईंनी त्यांच्या व्हॅनमधून नेलं. त्या आता इथल्या सगळ्या घरांना दवाखाना, बाजार, लग्न इथे नेतात आणतात, आणि वाटेत जगाच्या बातम्या देतात, त्या आम्ही न मागता. दारातल्या त्या यंत्राच्या चौकटीतून मी गेले तर ते ओरडायला लागलं. पुन्हा गेले, पुन्हा ओरडलं. आपल्या झग्यांना बटणं नसतात हे त्या पहारेकऱ्याला कोण सांगणार? मी एकेक टाचणी दाखवत गेले, कमरेची, खांद्याची, एप्रनची. तो म्हणाला, “बाई, तुम्ही साळिंदर आहात का?” एनोस हसला. मी पण हसले. आता वाटतं, त्या इमारतीत आम्ही फारच हसलो.

न्यायाधीश बाई आहेत, आईच्या वयाच्या, आवाज शांत. त्यांनी एनोसला शपथेसाठी हात वर करायला सांगितला.

“आम्ही शपथ घेत नाही,” एनोस म्हणाला. “खरं बोलेन एवढं सांगतो.”

“तेवढं पुरे,” त्या म्हणाल्या. मग कितीतरी प्रश्न. औषध घेतलंय का, कुणी धमकावलंय का, वाचता येतं का. प्रत्येकाला त्याचं हो किंवा नाही. मग त्या म्हणाल्या, “अपील करायचा हक्क तुम्ही सोडताय. उद्या मी दिलेली शिक्षा तुम्हाला चुकीची वाटली तरी वर दाद मागता येणार नाही. समजतंय का, मिस्टर केम?”

“समजतंय. मी पुन्हा हा विषय काढणार नाही.”

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “असंही म्हणता येईल.”

“चांगलं कलम आहे ते,” एनोस म्हणाला.

“इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं,” त्या म्हणाल्या आणि मागे बसलेले दोघंतिघं हसले. वकीलबाई हसली नाही. तिने एनोसकडे एकदा पाहिलं, काहीतरी विचारावं असं तोंड उघडलं, आणि मग पान उलटलं.

परत येताना एनोसने हेझेलबाईंना थांबायला लावून दोन हॅम्बर्गर खाल्ले. नोव्हेंबरपासून तो धड जेवत नव्हता. “आता त्यांनाही बोलायचं नाही, आपल्यालाही नाही,” मला म्हणाला. हेझेलबाई आरशातून बघत म्हणाल्या, “माझा नवरा दोनदा निर्दोष सुटलाय, पण असं तोंड त्याचं एकदाही नव्हतं.”

तुझ्या कार्डातली ओळ मी एनोसला दाखवली नाही. त्याला झोप लागतेय. मला लागत नाही, पण दोघांपैकी एकाला लागली तरी घर चालतं.

एल्मीना


बीच रन
मंगळवार, १३ जून

ऑरी,

काल शिक्षा झाली. अडीच वर्षं. ऑगस्टअखेर त्याने स्वतः जाऊन हजर व्हायचं.

क्रमाने लिहायचा प्रयत्न करते. सकाळपासून तीनदा स्टोव्ह पुसला, तो स्वच्छच होता.

सरकारने मार्चमध्ये आमचा सगळा कळप मारून तपासला हे तुला लिहिलं नव्हतं. माणसं आली, कुंपणाआडून गोळ्या घातल्या, डोकी पिंपांत भरून नेली. एनोस दिवसभर गोठ्यात होता. एप्रिलमध्ये तपासणीचा कागद आला: एकाही हरणाला रोग नव्हता. एकालाही नाही. पण पेनसिल्व्हेनियातल्या त्या रानात रोग निघाला होता आणि तिथला अख्खा कळप मारावा लागला. त्या रानाने आणखी चार-पाच ठिकाणांहून हरणं घेतली होती. तरी काल न्यायाधीशबाईंनी ते सगळं नुकसान एनोसच्या नावावर मोजलं. कागद नसलेली हरणं यानेच आणली, तेव्हा रोगही यानेच आणला असं धरून. नुकसान मोठं, म्हणून शिक्षा मोठी. सरकारने घरीच ठेवा असं सुचवलं, शब्द पाळल्यासारखं, एका वाक्यात. पण त्याआधी सरकारी वकील उभा राहिला आणि त्याने पहिल्यापासून सगळं काढलं. बिल्ले कुठून आणले, कसे काढले, कान कसा फाटला, एनोसने पहिल्या दिवशी इन्स्पेक्टरला काय खोटं सांगितलं. त्याच्याच कबुलीतली वाक्यं, एकेक करून.

मी एनोसकडे बघत होते. आधी तो वर बघायला लागला, मग वकीलबाईकडे, मग मागे वळून माझ्याकडे. तुला कळेल. दुसऱ्या कुणाला नाही कळणार. मंडळीत मिटलेलं पाप कुणी भर सभेत मोठ्याने वाचून दाखवतंय असं होतं ते. कुणी लोणच्याची बरणी पुढे करत नव्हतं.

शेवटी तो उभा राहिला. “पण हे मी कबूल केलंय.”

“हो,” न्यायाधीशबाई म्हणाल्या. “म्हणूनच आपण इथे आहोत.”

“मी पुन्हा काढणार नाही म्हणालो होतो. मग हे का काढतायत?”

वकीलबाईने त्याची बाही ओढून खाली बसवलं. न्यायाधीशबाईंनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, “ते तुमच्यापुरतं होतं, मिस्टर केम.” उद्धटपणे नाही म्हणाल्या. घाबरलेल्या जनावराशी बोलावं तसं म्हणाल्या.

शिक्षा सांगून झाल्यावर, उठता उठता, त्याच शांत आवाजात त्या म्हणाल्या, “वरच्या कोर्टात अपील करायचं असल्यास तुम्हाला दोन आठवड्यांची मुदत आहे.”

बाहेर मी वकीलबाईला धरलं. “हक्क सोडलाय ना? मग मुदत कसली?”

“ते त्या सगळ्यांना सांगतात. नियमच आहे.”

“सोडलेल्यांनाही?”

“सोडलेल्यांनाही.” तिचे डोळे लाल होते. मग भिंतीला टेकून तिने नीट सांगितलं. एनोसने अपील कर म्हटलं तर तिला दाखल करावंच लागतं, करारात काही का असेना. सरकार म्हणेल, याने सही केलीय, फेकून द्या. बहुतेक वेळा फेकतातच. पण हरणांना रोग नसताना रोगाचं नुकसान त्याच्यावर मोजलं, हे वरच्या तिघा न्यायाधीशांपुढे निदान जाईल. “पण त्याने सांगायला हवं,” ती म्हणाली. “त्यानेच. एक शब्द पुरे.”

एनोस तेव्हा पायऱ्यांवर उभा होता, हॅट हातात घेऊन, डोक्यावर घालायची विसरून.

एल्मीना


बीच रन
बुधवार, २१ जून

ऑरी,

तुझं पत्र मिळालं. तू लिहितोस ‘त्याला समजाव.’ तुला तरी बाबांनी समजावून काय उपयोग झाला होता?

तो बोलत नाही असं नाही. मटाराच्या शेंगा सोलताना काल आम्ही बोललो. मुलं मागच्या अंगणात होती.

“मी हो म्हणालो, एल्मी. तोंडाने. आता नाही कसं म्हणू?”

“तू हो म्हणालास तेव्हा तुला वाटलं तेही सोडतायत.”

“ती माझी चूक. त्यांनी तसं म्हटलं नव्हतं.”

“हरणांना रोग होता?”

“नव्हता.”

“मग?”

“मग नव्हता.” आणि शेंगा सोलत राहिला. टोपलीतल्या सोललेल्या शेंगाही पुन्हा उघडून बघत होता.

मला कधी कधी त्याचा दंड धरून गदागदा हलवावंसं वाटतं. अडीच वर्षं, ऑरी. थोरली रोडा लग्नाची होईल. सगळ्यात धाकट्याला बाप ओळखू येणार नाही. आणि हे बिल्ल्यांसाठी असतं तर मी एक शब्द बोलले नसते. बिल्ले त्याने बदलले. पण न केलेल्या गोष्टीसाठी जायचं, आणि ते केलं नव्हतं असं कुठेही न म्हणता जायचं, याला नम्रता म्हणायचं का? मला कळेनासं झालंय.

म्हणून आज सकाळी बिशप ॲबनरकडे गेले. ते दुकानात खोगिराचे पट्टे शिवत होते. मी उभ्या उभ्याच विचारलं, एनोसने अपील मागितलं तर मंडळी ते कबुली परत घेतली असं धरेल का?

“अपील म्हणजे मी चुकलो नाही असं म्हणणं,” ॲबनर म्हणाले.

“नाही. मोजणारे चुकले असं म्हणणं.”

“ते तर त्याहून वाईट, एल्मीना.” त्यांनी सुई पट्ट्यात खुपसून ठेवली. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. “एनोसने विचारायला सांगितलंय?”

“नाही.”

“मी एकट्याने उत्तर देणं बरोबर नाही. शरदातल्या सभेत मंडळीपुढे ठेवतो.”

“ऑक्टोबरात?”

“ती ऑक्टोबरातच असते.”

“कोर्टाची मुदत सोमवारी संपतेय.”

“मग घाई कोर्टाला आहे,” ते म्हणाले, “आपल्याला नाही.”

घरी येताना आमच्या आळीच्या टोकाला फोनची खोपी लागते, चार घरांत मिळून एक. मी दार उघडलं, आत गेले, बाहेर आले. सायलसची बायको कपडे वाळत घालत होती. “कुणाला फोन लावायचाय का गं?” म्हणाली. मी म्हटलं, नाही, आत मधमाशांनी पोळं केलंय का बघत होते.

एल्मीना


बीच रन
बुधवार, २८ जून

ऑरी,

अपील परवा दाखल झालं. एनोसनेच सांगितलं. तेव्हा आता काळजी नको.

स्ट्रॉबेरी यंदा भरपूर आली. मुरंब्याच्या बरण्या ठेवायला फळीवर जागा उरली नाही. रोडाने पहिली गोधडी पुरी केली, टाके जरा मोठे आहेत पण सरळ आहेत. पाऊस हवा तेवढाच पडतोय. गवत दुसऱ्यांदा कापायला आलं. सायलसची घोडी व्यायली. आणखी काय लिहू. सगळं ठीक.

एल्मीना


बीच रन
मंगळवार, १८ जुलै

ऑरी,

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. मुरंब्याचं खरं आहे.

मुदत संपायच्या दिवशी दुपारी एनोस शेतावर असताना मी खोपीत जाऊन वकीलबाईला फोन लावला. तिने पहिल्या घंटीलाच उचलला. मी अपील म्हटलं, तर म्हणाली, “त्यानेच सांगितलंय ना? तुमच्या सांगण्यावरून मला करता येणार नाही. तुम्हाला काय हवं ते मला माहीत आहे, मिसेस केम. त्याला काय हवंय?”

“त्यालाही,” मी म्हटलं.

“काय म्हणाला नेमकं?”

खोटं बोलायची सवय नसली की माणूस लागतं त्याहून जास्त बोलून बसतं. मी म्हटलं, “म्हणाला, माझ्या हरणांना रोग नव्हता हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं.”

पलीकडे ती लिहून घेत होती, पेन्सिलीचा आवाज येत होता. ऑरी, हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला मी दोन आठवडे त्याच्या मागे मागे फिरले होते, गोठ्यात, विहिरीवर, मटाराच्या वाफ्यात. आता ते त्याच्या नावाने एका इंग्लिश बाईच्या वहीत आहे, आणि ते वाचून कुणालाही वाटेल की हा त्याचाच आवाज. मलाही वाटतं.

शुक्रवारी सरकारचं उत्तर टपालाने आलं. पेटी एनोसनेच उघडली. हॅट न काढता आत येऊन टेबलापाशी बसला आणि कागद माझ्याकडे सरकवला. सरकार म्हणतं, या माणसाने हक्क सोडलाय, अपील फेकून द्या. आणि पुरावा म्हणून फेब्रुवारीतलं त्याचंच वाक्य अवतरणात घातलंय: ‘मी पुन्हा हा विषय काढणार नाही.’

“माझंच वाक्य छापलंय,” तो म्हणाला.

“हो.”

“मी काढला नाही विषय.”

“मी काढला.”

“माझ्या नावाने.”

“हो.”

त्याने डोळे मिटून घेतले. मला वाटलं ओरडेल. एकोणीस वर्षांत ओरडला नाही, आज ओरडला तर बरं होईल. तो म्हणाला, “तू काय सांगितलंस तिला? मी काय म्हणालो म्हणून?”

मी सांगितलं. शब्दाला शब्द.

त्याने हॅट काढली. “मी असं बोललो असतो का?”

“मला ठाऊक नाही. बोलला नाहीस.”

मी कोरा कागद आणि पेन त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, वकीलबाईला एक ओळ लिही, बायको खोटं बोलली म्हणून. ती आजच्या आज मागे घेईल. मी पाकिटावर पत्ता घालून देते. मला खरंच वाटत होतं की त्याने लिहावं. आणि त्याने ते पेन उचललं असतं तर मी बहुधा त्याच्या हातातून हिसकावून घेतलं असतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

तो कागदाकडे बघत होता. मग उठला. “गवत कापायचंय,” म्हणाला, “उद्या पाऊस आहे.”

पाऊस नव्हता. कागद अजून टेबलावर आहे, कोरा. जेवायची ताटं आम्ही त्याच्या बाजूने मांडतो. रोडाने उचलायला हात घातला तर दोघांनीही एकदमच राहू दे म्हटलं.

एल्मीना


बीच रन
सोमवार, ९ ऑक्टोबर

ऑरी,

एनोसला जाऊन सहा आठवडे होत आले. तिकडे त्याला, आपल्यात चालत नाही ती, चेनची पँट दिलीय, ती लावताना पहिले दोन दिवस बोट चिमटलं, असं लिहितो. सुतारकामात घेतलंय. अपिलाबद्दल एक अक्षर नाही, ना बाजूने ना विरुद्ध. वकीलबाई म्हणते, वरच्या कोर्टाने अजून फेकलेलं नाही. फेकतील बहुतेक, पण याच्या ‘पुन्हा हा विषय काढणार नाही’ या वाक्यावर त्यांनी काही प्रश्न विचारलेत. मागे घ्यायला तिने एनोसकडे तुरुंगात फॉर्म पाठवला होता, लागला तर असावा म्हणून. त्याने सही करून परत पाठवलेला नाही. एवढंच मला त्याच्याकडून कळलंय, आणि तेही तिच्याकडून.

काल शरदातली सभा झाली. तू विसरला असशील तर सांगते. दिवसभराचं प्रवचन झालं की दोघं सेवक बाकांमधून फिरतात, एक पुरुषांकडून, एक बायकांकडून. प्रत्येकीला हळूच विचारतात, देवाशी आणि मंडळीशी तुझं मन शांत आहे का. सगळ्यांनी हो म्हटलं की दोन आठवड्यांनी प्रभुभोजन. कुणी अडलं तर सगळ्यांचंच अडतं. बायकांकडे डीकन यॉस्ट आले. म्हाताऱ्या आधी, मग वयाने. हो, हो, हो, कुजबुजत, ओळीने. माझ्याआधी सायलसची बायको होती. तिने हो म्हटलं आणि सवयीने माझ्यासाठी गुडघे बाजूला घेतले.

मी म्हटलं, “अजून नाही.”

यॉस्टना वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. वाकले. मी पुन्हा तेच म्हटलं, आणि यावेळी पुढच्या बाकावरच्या टोप्या वळल्या.

आज सकाळी कपडे पिळत होते तेव्हा यॉस्ट आले. बादली उलटी करून तिच्यावर बसले. “काय अडलंय गं?”

“मी खोटं बोलले. एनोसच्या नावाने, कोर्टात.”

त्यांनी मोठा श्वास सोडला, त्यांना वाटलं होतं त्याहून हे लहान निघालं असावं. “मग त्यात काय. रविवारी ये, गुडघ्यावर बस, सांग. अर्धा तास लागतो. मिटलं.”

“म्हणूनच नाही, यॉस्ट.”

“म्हणजे?”

“मिटलं की मला ते पुन्हा बोलता येणार नाही. आणि केलं ते चुकलं असं म्हटलं की ते मागे घ्यायला लागणार. वरच्या कोर्टाचा निकाल अजून यायचाय.”

“तू त्या कोर्टासाठी मंडळीला थांबवून ठेवणार?”

“जूनमध्ये मी मंडळीकडे आले होते. तेव्हा ऑक्टोबरपर्यंत थांब म्हणालात.”

वाईट माणूस नाहीत ते. आईच्या आजारपणात रात्री जागायला तेच यायचे. “हट्ट सोडून दे, एल्मीना,” म्हणाले.

“सोडेन. पश्चात्ताप होत नाही असं नाही, यॉस्ट. रोज होतो. फक्त तो संपवायचा नाहीये एवढ्यात. एनोसने नको त्या दिवशी संपवला.”

“मंडळीला मग दुसरा मार्ग राहत नाही. तुला माहीत आहे.”

“माहीत आहे.”

उठताना त्यांनी बादली पुन्हा सुलटी करून दिली आणि पिळायला एक चादर दुसऱ्या टोकाने धरली. गेले.

येत्या रविवारी मला वाळीत टाकतील. मुली माझं ताट खिडकीपाशी वेगळं मांडतील. रोडा काल रात्रीपासून माझ्याशी बोलत नाही, आणि ती चूक आहे असं मला म्हणता येत नाही. मला भीती वाटतेय, ऑरी. हात सारखे काहीतरी शोधत असतात. आज पावाची एकच कणीक दोनदा मळली. पण जूनमध्ये फोनच्या खोपीतून तसंच बाहेर पडायला लावणारी भीती ही नव्हे. ही मी स्वतःहून आत जाऊन ओढवून घेतलीय.

आता तुझ्याकडे एक काम आहे. वाळीत असलेल्याबरोबर जेवायचं नाही, त्याच्या मोटारीत बसायचं नाही, हा नियम मंडळीतल्या माणसासाठी आहे. वाळीत असलेल्या दोघांनी एकमेकांशी कसं वागायचं यावर नियमच नाही. मी शोधला.

एनोसला भेटायचा वार शनिवार. हेझेलबाईंना मी येऊ नका म्हणून सांगितलंय. एकवीस तारखेला सकाळी तू ये. मोटार लपवून उभी करू नकोस, थेट दारात आण. मी पुढे तुझ्या शेजारी बसेन. चिकन-नूडल्स आणि सफरचंदाचा मुरंबा घेते, एकाच डब्यात, वाटेत कुठेतरी थांबून खाऊ. मग आत जाऊन मी एनोसला विचारणार आहे, तुझ्यासमोर, की हरणांना रोग नव्हता हे लिहून ठेवायला हवं, ते वाक्य त्याचं आहे की माझं. तो काय म्हणेल ते मला माहीत नाही.

भूक ठेवून ये.

एल्मीना